ग्रीक मडक्यावरचा हा नक्की कोण? म्युझियममध्ये पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी ओळखायची पद्धत

ग्रीक पुराणकथा आपल्यातल्या बऱ्याच जणांना थोड्याफार माहीत असतात, झ्यूस, हर्क्युलस, मेड्युसा ही नावं तर शाळेपासून कानावर असतात. पण लंडन, अथेन्स, रोम किंवा न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये काचेमागच्या अडीच हजार वर्षं जुन्या मडक्यासमोर उभं राहिलं की सगळे पुरुष दाढीवाले, सगळ्या बायका चुणीदार कपड्यातल्या आणि खालची पाटी दोन ओळींची, त्यातही अर्धे शब्द अनोळखी. मग माणूस दहा मिनिटांत कंटाळतो आणि कॅफेटेरिया शोधायला लागतो. फार वाईट वाटतं मला हे बघून, कारण ओळखायची पद्धत खरं तर अवघड नाहीये, फक्त कोणी क्रमाने सांगत नाही. मी ती हळूहळू इकडून तिकडून गोळा करत शिकले, ती इथे एका जागी लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करायचा नाही. आपण देवळात मूर्ती बघताना शंख-चक्र-गदा बघतो, वाहन बघतो, कमरेवर हात बघतो आणि मग नाव घेतो, तसंच इथेही करायचं. फरक एवढाच की ग्रीक चित्रकारांसमोर मूर्तिशास्त्राचा कुठला ग्रंथ नव्हता, चालत आलेली सवय होती, त्यामुळे एकच खूण दोघातिघांकडे सापडते. म्हणून माझा नियम असा आहे: दोन खुणा जुळल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. पुढचं सगळं या एका नियमावर उभं आहे.

## सोबत काय ठेवायचं

- छोटी वही आणि शिसपेन्सिल. बऱ्याच म्युझियममध्ये दालनात पेन चालत नाही, पेन्सिल सहसा चालते.
- फोन, फ्लॅश बंद करून. काचेवर चमक येत असेल तर समोरून नाही, जरा तिरकं उभं राहून फोटो घ्या.
- लहान दुर्बीण. मडक्यांसाठी लागत नाही पण देवळांवरची शिल्पं उंचावर लावलेली असतात तिथे फार उपयोगी पडते.
- ग्रीक कॅपिटल अक्षरांचा एक पानी तक्ता, प्रिंट काढून. का ते पायरी ६ मध्ये.
- विद्यार्थी असाल तर ओळखपत्र आणि पासपोर्टची प्रत, तिकिटाच्या सवलतीसाठी. ब्रिटिश म्युझियमच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही, त्यामुळे तिथे एकाच दिवसात सगळं उरकायची घाई करू नका, दोनदा जा.

## पायरी १: कोण आहे ते नंतर, आधी वस्तू काय आहे ते बघा

मडकं असेल तर पहिला प्रश्न रंगाचा. लालसर मातीवर काळ्या आकृत्या असतील तर ती काळ्या आकृतीची पद्धत. ती इ.स.पू. ७०० च्या सुमारास कॉरिंथमध्ये सुरू झाली आणि पुढे अथेन्सने तिच्यात कमाल केली. उलट पार्श्वभूमी काळी आणि आकृत्या लाल असतील तर ती लाल आकृतीची पद्धत, अथेन्समध्ये साधारण इ.स.पू. ५३० ते ५२० च्या आसपास आलेली. हा फरक ओळखण्यासाठी लागतो, कारण काळ्या पद्धतीत बायकांची कातडी बहुतेक वेळा पांढऱ्या रंगाने भरलेली असते आणि पुरुषांची काळी. म्हणजे चेहरा गोरा-काळा बघून बाई की पुरुष हे लगेच कळतं, शिरस्त्राण घातलेलं असलं तरी. ब्रिटिश म्युझियममध्ये एक्झेकियास नावाच्या चित्रकाराचा अँफोरा (दोन कानांचं मडकं) आहे, अकिलीस अ‍ॅमेझॉनांची म्हणजे लढवय्या बायकांच्या टोळीची राणी पेंथेसिलियाला मारतोय. दोघंही सशस्त्र, पण तिचा रंग पांढरा, त्यामुळे चूक होऊच शकत नाही. मात्र बरेचदा हा पांढरा रंग काळाच्या ओघात उडून गेलेला असतो, तेव्हा खाली फिकट डाग उरलाय का ते नीट बघा.

इथला एक सापळा: काळं म्हणजे जुनं आणि लाल म्हणजे नवं असं सरसकट धरू नका. अथेन्सच्या पॅनअथेनाइक स्पर्धांमध्ये बक्षीस म्हणून ऑलिव्ह तेलाने भरलेले मोठे अँफोरा द्यायचे, ते लाल पद्धत आल्यानंतरही कितीतरी वर्षं काळ्या पद्धतीतच बनत राहिले. ओळखायला एकदम सोपे, एका बाजूला भाला उगारलेली अथीना आणि दुसऱ्या बाजूला धावणारे, कुस्ती खेळणारे किंवा रथवाले.

मग मडक्याचा आकार. अँफोरा दोन कानांचा, साठवणीचा. क्रेटर म्हणजे वाइनमध्ये पाणी मिसळायचं रुंद तोंडाचं भांडं. हायड्रिया पाण्याची, तीन कानांची. कायलिक्स म्हणजे प्यायचा उथळ पेला, त्याच्या आतल्या गोलात चित्र असतं जे वाइन संपल्यावर दिसायचं. लेकिथॉस तेलाची उंच कुपी, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीची लेकिथॉस असेल तर ती बहुतेक मृतांसाठीची, तिच्यावर मृतांना पलीकडे नेणारा नावाडी केरॉन किंवा आत्म्याला वाट दाखवणारा हर्मीस दिसू शकतो.

आणि मडक्याच्या मागे जाऊन बघायचंच! पुढच्या बाजूला ट्रॉयचं युद्ध आणि मागच्या बाजूला नुसते अंगरखा गुंडाळून उभे असलेले तीन तरुण, असं लाल पद्धतीत फार वेळा असतं. त्या तिघांची नावं शोधत बसू नका, ते कोणीही नाहीत.

## पायरी २: हातात, डोक्यावर आणि पायाशी काय आहे

मुख्य देवांच्या खुणा मी ज्या क्रमाने बघते त्याच क्रमाने देतेय.

अथीना सगळ्यात सोपी. शिरस्त्राण, भाला, आणि छातीवर किंवा खांद्यावर एजिस, म्हणजे कडेला सापांची झालर असलेलं कातडं, मधोमध गॉर्गनचं (मेड्युसासारखं) तोंड. कधी शिरस्त्राण हातात काढून घेतलेलं असतं पण एजिस सहसा असतंच. घुबड असलं तर बोनस.

हर्मीस म्हणजे रुंद काठाची प्रवासी टोपी, पंखांचे बूट आणि दोन साप गुंडाळल्यासारखा दंड. पंखांचे बूट मेड्युसाला मारणाऱ्या पर्सियसकडेही असतात, म्हणून बुटांवर थांबू नका, दंड बघा.

डायोनिसस: आयव्हीच्या वेलीचा मुकुट, उंच कानांचा पेला, द्राक्षं, आणि आजूबाजूला सॅटर (घोड्याचे कान आणि शेपूट असलेले पुरुष). गोष्टींच्या पुस्तकांत तो कोवळा मुलगा दाखवतात, पण जुन्या मडक्यांवर तो लांब दाढीचा, पायघोळ कपड्यातला प्रौढ पुरुष आहे. बिनदाढीचा तरुण डायोनिसस इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळायला लागतो. म्युनिकमधला एक्झेकियासचा पेला नक्की बघा, इ.स.पू. ५३० च्या आसपासचा. होडीत आडवा झालेला देव, डोलकाठीवरून चढलेला द्राक्षवेल आणि भोवती डॉल्फिन. त्याला पळवून नेणाऱ्या चाच्यांचे डॉल्फिन झाले ती कथा. या पेल्यासाठी मी कितीही वेळ उभी राहू शकते.

अपोलो बिनदाढीचा, लांब केसांचा, वाद्य किंवा धनुष्य, लॉरेलची डहाळी. शेजारी धनुष्यवाली तरुणी किंवा हरीण असेल तर ती बहीण आर्टेमिस. हिफेस्टस कुऱ्हाड किंवा चिमटा घेऊन, आणि गाढवावर बसून सॅटरांच्या मिरवणुकीत चाललेला असेल तर तो देवांच्या घरी, ऑलिंपसला परत निघालाय. डिमीटर आणि पर्सेफोनी गव्हाच्या लोंब्या आणि मशाली घेऊन, दोघींमध्ये गोंधळ होतोच, तज्ज्ञांचाही होतो. एरीस मात्र नुसता एक सैनिक दिसतो, नाव लिहिलेलं नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

झ्यूस आणि पोसायडन हे खरं डोकं खाणारं प्रकरण. दोघं प्रौढ, दाढीवाले, भारदस्त. एकाकडे वज्र (दोन्ही टोकांना कळीसारखं फुललेलं) नाहीतर राजदंड आणि गरुड, दुसऱ्याकडे त्रिशूळ आणि मासा. हातातली वस्तू हरवली की संपलं. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आर्टेमिसिऑनच्या समुद्रातून १९२० च्या दशकात वर काढलेला, दोन मीटरहून थोडा उंच कांस्य पुतळा आहे, इ.स.पू. ४६० च्या सुमाराचा. एक हात पुढे, दुसरा मागे उगारलेला, आणि त्या हातातलं शस्त्र गायब. वज्र असेल तर झ्यूस, त्रिशूळ असेल तर पोसायडन. झ्यूस म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की लांब त्रिशूळ त्या हातात धरला तर चेहऱ्याच्या आड येईल, आणि एवढा सुंदर चेहरा शिल्पकार झाकेल कशाला. मला हा मुद्दा पटतो. पण वहीत लिहिताना "झ्यूस (बहुतेक)" असंच लिहायचं.

## पायरी ३: हेराक्लीस आधी पाठ करा

वेळ कमी असेल तर एकच माणूस शिका आणि तो हेराक्लीस, म्हणजे रोमन लोकांचा हर्क्युलस. काळ्या पद्धतीच्या अथेनियन मडक्यांवर याच्याइतका लोकप्रिय वीर दुसरा नाही, कुठल्याही म्युझियममध्ये गेलात तरी तो भेटणारच, आणि तो आला की त्याच्या भोवतीचे निम्मे लोक आपोआप ओळखता येतात.

खुणा: सिंहाचं कातडं, ज्याचा जबडा त्याच्या डोक्यावर टोपीसारखा आणि पंजे गळ्याशी बांधलेले. सोटा. धनुष्य आणि भाता. यातल्या दोन दिसल्या की नाव घ्या.

पण नेमियाच्या सिंहाशी कुस्ती चालू असते तेव्हा त्याच्या अंगावर कातडं कसं असेल, ते तर अजून सिंहाच्याच अंगावर आहे. अशा चित्रात वर बघा, नंतरच्या काळ्या मडक्यांवर मागच्या झाडाच्या फांदीला त्याचे कपडे आणि भाता टांगलेला असतो. बाजूला अथीना उभी, कधी पुतण्या इओलाओस सोटा सांभाळत. एवढं दिसलं की झालं.

हेराक्लीसला बारा अवघड कामं करावी लागली, सिंह हे त्यातलंच एक. बाकीची कामं पटापट: तीन धडांचा योद्धा समोर असेल तर गेरिऑन. रानडुक्कर खांद्यावर आणि जमिनीत पुरलेल्या रांजणातून हात वर करून बाहेर डोकावणारा घाबरट राजा असेल तर एरिमँथसचं डुक्कर आणि राजा युरिस्थियस. तोच राजा रांजणात आणि समोर अनेक तोंडांचा कुत्रा असेल तर तो केर्बेरोस, पाताळाचा राखणदार. हा शेवटचा प्रसंग लूव्रमधल्या एका रंगीत हायड्रियावर आहे, इ.स.पू. ५३० च्या सुमाराची, इटलीत केरेमध्ये बनलेली. कुत्र्याची तीन तोंडं वेगवेगळ्या रंगांची आणि अंगावर साप. अथेन्सचे चित्रकार मात्र याच कुत्र्याला पुष्कळदा दोनच तोंडं देतात, तेव्हा तोंडं मोजून गोंधळू नका.

शिल्पात बघायचं तर ऑलिंपिया. झ्यूसच्या देवळावर, इ.स.पू. ४७० ते ४५६ च्या दरम्यान, त्याची बाराही कामं बारा चौकटींत कोरली होती. त्यातली अ‍ॅटलासची चौकट पुन्हा पुन्हा बघावी अशी आहे, हेराक्लीस खांद्यावर उशी ठेवून आकाश पेलतोय, अ‍ॅटलास (एरवी आकाश पेलणारा) सोनेरी सफरचंदं घेऊन परत आलाय आणि मागे अथीना अगदी सहज एक हात वर करून त्याला मदत करतेय. ना सिंहाचं कातडं ना सोटा, तरी ओळखता येतो, कारण प्रसंग ओळखता येतो. नेपल्समधला तो प्रचंड फार्नीझी हेराक्लीस बघितलात तर मागे जा, पाठीमागच्या हातात तीच सफरचंदं आहेत. पुढून फोटो काढून निघून जाणाऱ्यांना हे दिसतच नाही.

सापळा: थीसियस. हा अथेन्सचा लाडका वीर, सहसा तरुण, बिनदाढीचा, हातात तलवार. मिनोटॉर, म्हणजे बैलाचं डोकं आणि माणसाचं धड, दिसला की थीसियस पक्का. पण नुसत्या बैलाला वाकवणारा माणूस असेल तर? हेराक्लीसने क्रीटचा बैल पकडला आणि थीसियसने मॅरेथॉनचा, आणि चित्रकार दोन्हीसाठी जवळपास सारखीच रचना वापरतात. मागे टांगलेल्या वस्तू बघा, सोटा आणि भाता की प्रवासी टोपी आणि तलवार. काहीच नसेल तर वहीत "बैल पकडणारा वीर" एवढंच लिहा.

## पायरी ४: अर्धे प्राणी, पंखवाल्या बायका आणि मेड्युसा

घोड्याचे कान आणि घोड्याची शेपूट असलेला पुरुष म्हणजे सॅटर. बकरीचे पाय आणि शिंगं म्हणजे पॅन. रोमन काळात आणि नंतर युरोपात या दोघांची सरमिसळ झाली म्हणून आपल्या डोक्यात सॅटर बकरीच्या पायांचा असतो, जुन्या ग्रीक मडक्यावर तो तसा नसतो.

सेंटॉर सगळ्यांना माहीत, पण त्यातला कायरॉन वेगळा ओळखायला शिका. अकिलीसचा गुरू, शहाणा. त्याचे पुढचे दोन पाय बहुतेकदा माणसाचे, अंगात नीट कपडे, आणि खांद्यावर शिकार लटकवलेली फांदी. बाकीचे सेंटॉर नागडे आणि हातात दगड नाहीतर झाडं.

पक्ष्याचं धड आणि बाईचं डोकं म्हणजे सायरन. सिनेमांमुळे आपण सायरन म्हणजे मत्स्यकन्या समजतो, जुन्या ग्रीक कलेत ती पक्षी आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या एका प्रसिद्ध मडक्यावर ओडिसियस डोलकाठीला बांधलेला आहे आणि एक सायरन डोळे मिटून कड्यावरून खाली कोसळतेय, बघाच. सिंहाचं धड, पंख आणि बाईचं डोकं म्हणजे स्फिंक्स, समोर एक प्रवासी विचारात पडलेला बसला असेल तर तो ईडिपस. स्फिंक्स किंवा सायरन एकटीच असेल तर ती नुसती नक्षी असू शकते, कथा शोधू नका.

पंखांच्या घोड्यावर बसलेला वीर म्हणजे बेलेरोफॉन. पर्सियस नाही! पर्सियस पेगॅससवर बसतो ही नंतरच्या काळाची कल्पना. बेलेरोफॉनच्या खाली किमेरा असते, पाठीतून बकरीचं डोकं निघालेली सिंहीण, शेपटीच्या जागी साप.

पंखवाल्या बायका तीन, आणि तिघींची गल्लत रोज होते. फीत, मुकुट किंवा सुरई घेऊन येते ती नायकी, विजयाची देवी. हर्मीससारखा दंड असेल तर आयरिस, देवांची निरोपी. आणि एखाद्या तरुणाच्या मागे धावत असेल किंवा त्याला उचलून नेत असेल तर इओस, पहाट. तिच्या हातात वीणेसारखं वाद्य असलेला तरुण असेल तर टिथोनस, शिकाऱ्याचा वेष असेल तर केफालस. आणि हातात मेलेला तरुण असेल तर तो तिचा मुलगा मेम्नॉन. लूव्रमध्ये डूरिसने रंगवलेला एक पेला आहे, त्याच्या आत इओस मेम्नॉनचं प्रेत दोन्ही हातांवर घेऊन वाकलीये, त्यापुढे मला बोलता येत नाही.

आता मेड्युसा. जुनी मेड्युसा सुंदर वगैरे अजिबात नाही. गोल रुंद तोंड, बाहेर काढलेली जीभ, सुळे, कधी चक्क दाढी, आणि बाकी सगळे बाजूने काढलेले असताना ही एकटी सरळ तुमच्याकडे बघते. पळताना एक गुडघा जवळजवळ जमिनीला टेकलेला. कॉर्फू बेटावर आर्टेमिसच्या देवळाच्या कपाळावर (छताखालच्या तिकोनी दर्शनी भागावर) अशी भलीमोठी मेड्युसा होती, इ.स.पू. ५८० च्या आसपासची, कमरेला सापांचा पट्टा आणि दोन बाजूंना तिची मुलं पेगॅसस आणि क्रिसाओर. कथेप्रमाणे ही मुलं तिचं मुंडकं उडाल्यावर जन्मतात, इथे ती मुंडकं शाबूत असतानाच हजर आहेत. ग्रीक कलाकार असे आधीचे-नंतरचे क्षण एकाच चित्रात बसवतात, त्यामुळे "हे आत्ता कसं काय" असं विचारून अडू नका. सुंदर मेड्युसा पाचव्या शतकाच्या मध्यावर यायला लागते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये पॉलिग्नोटसच्या नावे सांगितलेलं एक मडकं आहे ज्यावर ती शांत झोपलीये आणि पर्सियस तोंड फिरवून तिच्या गळ्याला विळा लावतोय. तोंड फिरवणं, वाकडा विळा आणि झोळी, या पर्सियसच्या खुणा.

## पायरी ५: प्रसंग ओळखा

काही प्रसंग ठरलेल्या मांडणीत येतात, एकदा शिकलात की लांबूनही कळतात.

तीन बायका एकामागून एक, पुढे हर्मीस, आणि समोर एक तरुण: पॅरिसचा निवाडा, म्हणजे तीन देवींत सुंदर कोण हे ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस ठरवतोय. जुन्या चित्रांत तर पॅरिस घाबरून पळून जायला निघतो आणि हर्मीसला त्याला धरावं लागतं.

बसलेल्या झ्यूसच्या डोक्यातून एक छोटी सशस्त्र बाहुली निघालीये: अथीनाचा जन्म. कुऱ्हाड घेऊन बाजूला होणारा हिफेस्टस.

दोन योद्धे वाकून पट खेळतायत: अकिलीस आणि एजॅक्स. व्हॅटिकनमधला एक्झेकियासचा अँफोरा या प्रसंगाचा राजा, तिथे त्यांच्या तोंडून निघालेले आकडेसुद्धा लिहिलेत, अकिलीस चार म्हणतो आणि एजॅक्स तीन.

पाणवठा, घडा घेतलेली मुलगी, घोडेस्वार मुलगा आणि पाणवठ्यामागे दबा धरून बसलेला सैनिक: अकिलीस ट्रॉयच्या राजपुत्राची, ट्रॉयलसची वाट बघतोय. म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन निघालेला योद्धा: इनियस आणि त्याचा बाप. देवीच्या पुतळ्याला बिलगलेली बाई आणि तिला ओढणारा सैनिक: कॅसँड्रा, आणि तो धाकटा एजॅक्स. बाईशी कुस्ती खेळणारा पुरुष आणि त्याच्या अंगावर अचानक छोटा सिंह, साप वगैरे: अकिलीसचे आईबाप पेलियस आणि थेटिस, ती रूपं बदलतेय.

उलट काही प्रसंग मुद्दाम सोडून द्यायचे. चिलखत चढवणारा तरुण आणि शिरस्त्राण देणारी बाई हे अकिलीस आणि थेटिस असू शकतात, किंवा अथेन्समधला कुठलाही मुलगा आणि त्याची आई. रथावर चढून निघालेल्या माणसाचंही तेच. पाटीवर "योद्ध्याची तयारी" लिहिलेलं असेल तर म्युझियमवाले आळशी आहेत असं समजू नका, ते बरोबर वागतायत.

पाताळाचे प्रसंग आवडत असतील तर दक्षिण इटलीतली, विशेषतः अपुलियाची चौथ्या शतकातली मोठी मडकी शोधा, मधे महालात पाताळाचा राजा हेडीस आणि पर्सेफोनी, भोवती ऑर्फियस, सिसिफस, खाली केर्बेरोस. अख्खा पाताळलोक एका मडक्यावर.

## पायरी ६: अक्षरं वाचा, घाबरू नका

बऱ्याच मडक्यांवर चित्रकाराने आकृतीच्या तोंडाजवळ किंवा पायाजवळ नावच लिहून ठेवलेलं असतं. फ्लॉरेन्सचं फ्रांस्वा मडकं, क्लायटियासने रंगवलेलं आणि एर्गोटिमोसने घडवलेलं, इ.स.पू. ५७० च्या सुमाराचं, त्यावर सुमारे २७० आकृत्या आणि शंभरच्या वर नावं आहेत, अगदी पाणवठ्याचंसुद्धा नाव घातलंय. १९०० साली एका रखवालदाराने त्यावर स्टूल फेकलं आणि त्याचे ६३८ तुकडे झाले, तरी ते परत जोडून उभं केलं. शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही, याचा मोठा फोटो डाउनलोड करून घरी नावं शोधत बसा.

तक्त्यातली छापील अक्षरं आणि मडक्यावरची अक्षरं थोडी वेगळी असतात. अथेन्सच्या जुन्या लिपीत इंग्रजी एचसारखं अक्षर म्हणजे "ह", पीसारखं दिसतं ते "र", आणि "ल" हा बऱ्यापैकी इंग्रजी एलसारखा. लांब आणि आखूड "ए" ला एकच अक्षर. त्यामुळे हेराक्लीस साधारण एच-ई-पी-ए-के-एल-ई-एस असा दिसतो. आकृती डावीकडे तोंड करून असेल तर नाव उजवीकडून डावीकडे लिहिलेलं असू शकतं, सुरुवात तोंडाजवळून धरा.

सापळे दोन. नावानंतर "कालोस" असेल तर ते चित्रातल्या माणसाचं नाव नाही, "अमका देखणा आहे" अशी त्या काळच्या अथेन्समधल्या खऱ्या तरुणाची तारीफ आहे. लेआग्रोस नावाचा एक तरुण अशा कितीतरी मडक्यांवर सापडतो, कोणी त्याला पुराणातला वीर समजू नये. आणि दुसरं, काही मडक्यांवरची अक्षरं निव्वळ अर्थहीन आहेत, नुसती शोभेला. दहा मिनिटं झटून काही लागत नसेल तर पुढे चला. "एग्राप्सेन" म्हणजे रंगवलं आणि "एपोइएसेन" म्हणजे घडवलं, हे दोन शब्द मात्र पाठ करा, कारण त्याआधीचं नाव कलाकाराचं असतं.

दगडातही नावं सापडतात. पर्गामॉनच्या वेदीवर देव आणि राक्षसांची लढाई आहे, तिथे देवांची नावं वरच्या पट्टीवर आणि राक्षसांची खालच्या पट्टीवर कोरली होती. ही वेदी बर्लिनला आहे, पण ते म्युझियम दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद ठेवलंय, तिकिटं काढायच्या आधी वेबसाइट बघा.

## पायरी ७: पुतळ्यांच्या बाबतीत जास्त संशय घ्या

मडकं फुटलं तरी त्यावरचं चित्र जुनंच असतं. पुतळ्याचं तसं नाही. संगमरवरी "ग्रीक" पुतळ्यांपैकी खूपसे रोमन काळातल्या प्रती आहेत, मूळ कांस्य वितळवून गेलेलं. पायाशी झाडाचं खोड किंवा मांडीला जोडणारा दगडी आडवा तुकडा दिसला तर प्रत असण्याची शक्यता वाढते, कारण संगमरवराला तो आधार लागतो. पाटीवर "रोमन प्रत" लिहिलेलं असतं ते वाचा.

दुसरं म्हणजे नंतर जोडलेले अवयव. सोळाव्या ते अठराव्या शतकात इटलीत तुटक्या पुतळ्यांना नवे हात, नवी डोकी आणि हातात नव्या वस्तू बसवायची पद्धत होती. म्हणजे तुम्ही ज्या खुणेवरून नाव घेताय ती खूणच दोन-तीनशे वर्षांपूर्वीची असू शकते! व्हॅटिकनमधला लाओकोऑन १५०६ मध्ये सापडला तेव्हा उजवा हात नव्हता, सरळ वर ताणलेला हात बसवला गेला आणि शतकानुशतकं सगळ्यांनी तोच बघितला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खरा हात मिळाला, तो कोपरात मागे दुमडलेला निघाला, आणि १९५० च्या दशकात तो जागेवर लावला. म्हणून संगमरवराचा रंग बदललेला सांधा, जास्त गुळगुळीत बोटं, हे बघत जा, आणि सांध्यापलीकडची वस्तू खूण म्हणून धरू नका.

अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाच्या पूर्व कपाळावर प्राण्याच्या कातड्यावर टेकून बसलेला एक नागडा तरुण आहे, आता ब्रिटिश म्युझियममध्ये. हातपंजे गेलेत. बहुतेक जण त्याला डायोनिसस म्हणतात, पण जगातल्या सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या शिल्पांपैकी एकाबद्दलसुद्धा हे "बहुतेक" शिल्लक आहे.

## पायरी ८: घरी येऊन तपासा

पाटीवरचा नोंदणी क्रमांक फोटोत यायलाच हवा, त्याच्याशिवाय नंतर काही सापडत नाही. तो क्रमांक म्युझियमच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये टाका, मेट्रोपॉलिटन आणि ब्रिटिश म्युझियमचे कॅटलॉग खुले आणि चांगले आहेत. अथेनियन मडक्यांसाठी ऑक्सफर्डचं बीझली आर्काइव्ह, तिथे चित्रकार, प्रसंग, आकार असं कशानेही शोधता येतं. एखाद्या पात्राची सगळी प्राचीन चित्रं एकत्र हवी असतील तर एल.आय.एम.सी. नावाचा कोश आहे, १९८१ पासून १९९९ पर्यंत खंड निघाले, मोठ्या विद्यापीठांच्या लायब्ररीत असतो. पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्रामवरच्या नावांवर विसंबू नका, तिथे एकोणिसाव्या शतकातली रेखाटनं सर्रास प्राचीन म्हणून फिरतात.

पाटीवर चित्रकाराच्या नावाआधी "च्या नावे" अशा अर्थाचा शब्द असेल तर सही नाहीये, शैलीवरून ठरवलंय. "अमुक पेंटर" अशी विचित्र नावं, जसं बर्लिन पेंटर, ही आधुनिक अभ्यासकांनी दिलेली आहेत, कारण खरं नाव माहीत नाही.

## सराव कुठे करायचा

परदेशी जायचं ठरलेलं नसेल तरी सुरुवात करता येते. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात रोमन जगातून व्यापाराने आलेल्या कांस्य वस्तू मिळाल्या, त्यात पोसायडनची एक छोटी मूर्ती आहे. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. आणि गांधार शिल्पं जिथे दिसतील तिथे बुद्धाच्या शेजारचा वज्रपाणी नीट बघा, काही ठिकाणी तो चक्क हेराक्लीसच्या रूपात येतो, दाढी, पिळदार अंग, कधी सिंहाचं कातडंसुद्धा, फक्त सोट्याच्या जागी वज्र.

युरोपात एकच दिवस असेल तर दोन मोठी दालनं पळत बघण्यापेक्षा मडक्यांची एकच खोली घ्या. पाटी हाताने झाका, वहीत दोन खुणा आणि नाव लिहा, मग पाटी वाचा. दोन खुणा नसतील तर नावाची जागा रिकामी सोडून मडक्याचा नोंदणी क्रमांक लिहा आणि पुढच्या काचेकडे जा, रिकाम्या जागा रात्री हॉटेलवर बसून कॅटलॉगमधून भरता येतात.